गिल्बर्न कंपनी केवळ करामुळे बंद पडली नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ब्रिटनमधील छोट्या मोटार-कारखान्यांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात वेल्समधील गिल्बर्न या कंपनीची बोळवण दोन वाक्यांत झाली आहे. ही कंपनी कर वाचवण्यासाठी सुट्या भागांच्या स्वरूपात मोटारी विकत असे, आणि १९७३ साली मूल्यवर्धित कर आल्यावर ती बंद पडली, असा त्या वाक्यांचा आशय. दोन्ही विधाने सुटी घेतली तर चूक नाहीत. मात्र त्यांची जी कारण-परिणामाची सांगड घातली आहे, ती मला मान्य नाही. ब्रिटिश किट कारविषयीच्या (सुट्या भागांत विकत घेऊन खरेदीदाराने स्वतः जोडायच्या मोटारींविषयीच्या) लिखाणात ही सांगड वारंवार दिसते, आणि त्यामुळे एका जिद्दी, गुणी कारखान्याचा सगळा इतिहास करखात्याच्या एका परिपत्रकापुरता उरतो. या कंपनीविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम करासंबंधी, कारण लेखातले ते सूत्र निराधार नाही. ब्रिटनमध्ये १९४० साली, महायुद्धाच्या काळात, चैनीच्या आणि टिकाऊ वस्तूंवर खरेदी कर लागू झाला आणि युद्ध संपल्यावरही तो जवळजवळ तीन दशके राहिला. कारखान्यातून तयार होऊन बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या घाऊक किमतीवर तो आकारला जाई. मोटारीवरचा त्याचा दर १९५०च्या दशकात काही काळ ६० टक्के होता आणि एप्रिल १९५९ च्या अर्थसंकल्पात तो ५० टक्क्यांवर आला. मोटारीचे सुटे भाग मात्र या करातून वगळलेले होते. त्यामुळे एखाद्याने सगळे भाग विकत घेऊन स्वतःच्या हाताने मोटार जोडली, तर त्याला हा कर द्यावा लागत नसे. अट एवढीच की जोडणी खरेदीदारानेच करायची. विकणाऱ्या कंपनीने ती करून द्यायची नाही, आणि पैसे देऊन एखाद्या व्यावसायिकाकडूनही करून घ्यायची नाही. जोडणीची लेखी सूचनापुस्तिका सोबत दिली तर करखाते हरकत घेईल, म्हणून काही कंपन्या मोटार कशी सुटी करावी याची माहितीपत्रके देत आणि गिऱ्हाईक ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत असे, अशी आख्यायिका त्या काळातील जाणकार आजही सांगतात.

अशा वातावरणात, १९५९ साली, दक्षिण वेल्समधील पॉन्टीप्रीद या गावाजवळ गिल्बर्नचा जन्म झाला. टाफ आणि ऱ्होंडा या नद्यांच्या संगमावरचे हे गाव म्हणजे कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांचे प्रवेशद्वार. मोटारी बनवण्याची परंपरा या मुलखात नव्हती. ब्रिटनचा मोटारधंदा कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, ऑक्सफर्ड, डॅगनम अशा इंग्लंडमधील शहरांत एकवटलेला होता. कंपनीचे दोन संस्थापक म्हणजे खाटकाचा व्यवसाय करणारे जाइल्स स्मिथ आणि फायबरग्लासच्या कामाचा अनुभव असलेले जर्मन अभियंता बर्नार्ड फ्रीझ. या दोघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून कंपनीचे नाव तयार झाले. स्मिथ यांना स्वतःसाठी एखादी किट कार बांधायची होती आणि फ्रीझ यांनी आपल्यापुरती एक मोटार बांधलेली होती. दोघांनी मिळून एकच मोटार बांधायचे ठरवले. ती इतकी नेटकी उतरली की अशा आणखी का बांधू नयेत, असा विचार पुढे आला. चर्च व्हिलेज येथे स्मिथ यांच्या मांसाच्या दुकानामागच्या जागेत पहिले काम सुरू झाले आणि महिन्याला साधारण एक मोटार बाहेर पडू लागली. पुढे जवळच्याच लॅन्ट्विट फार्डर येथील रेड ॲश या जुन्या कोळसा खाणीच्या आवारात कारखाना हलला. तेथे वीसेक माणसांच्या बळावर आठवड्याला साधारण एक मोटार तयार होऊ लागली. मोटारीवरच्या बोधचिन्हात वेल्सचा लाल ड्रॅगन होता, आणि तो शोभेपुरता नव्हता, कारण ज्यांनी ती मोटार बांधली ते कामगार याच खोऱ्यांतले होते.

करसवलत तर देशभर सगळ्यांनाच होती. मग अशा आडबाजूच्या ठिकाणी, इतक्या थोड्या भांडवलावर, चांगली मोटार बनू शकली ती कशामुळे? याचे उत्तर करापेक्षा तंत्रात अधिक आहे, आणि लेखात नेमके तेच राहून गेले. पोलादी पत्र्याची बॉडी बनवायची तर प्रचंड दाबयंत्रे आणि महागडे ठसे लागतात, आणि तो खर्च हजारो मोटारींवर विभागला गेला तरच परवडतो. फायबरग्लासचे तसे नाही. मोटारीच्या आकाराचा एक साचा तयार करायचा, त्याच्या आतल्या बाजूला आधी गुळगुळीत रंगीत थर द्यायचा, त्यावर काचतंतूंची चटई पसरून ती पॉलिएस्टर रेझिनने भिजवायची, हातातल्या रोलरने हवेचे बुडबुडे दाबून काढायचे, आणि रेझिन कडक झाले की बॉडी साच्यातून सोडवायची. यंत्रसामग्री जवळपास लागत नाही. लागतो तो हाताचा सराव, आणि घाई न करण्याची सवय. अनेक छोट्या कारखान्यांनी इथेच कच खाल्ली. पातळ, लहरी पडलेल्या, दारे नीट न बसणाऱ्या बॉडी त्यांनी विकल्या आणि किट कार या शब्दालाच वाईट वास लावला. गिल्बर्नची ख्याती नेमकी याच्या उलट होती. फ्रीझ यांना साच्याचे काम येत होते, आणि त्यांच्या कारखान्यातून निघणाऱ्या बॉडीच्या पृष्ठभागाची सफाई त्या वर्गातील मोटारींत उठून दिसे. बॉडीच्या खाली चौकोनी पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेली चासी असे, आणि बॉडी तिला कायमची जोडलेली असे, त्यामुळे सगळा सांगाडा एकजीव होई.

पहिली मोटार म्हणजे गिल्बर्न जीटी. मागे दोन छोट्या जागा असलेली, टपबंद आणि दोन दारांची. तिचे पुढचे सस्पेन्शन सुरुवातीला ऑस्टिन ए३५ या साध्या कौटुंबिक मोटारीचे होते, आणि इंजिन ऑस्टिन-हीली स्प्राइटचे ९४८ सीसीचे. ज्यांना अधिक जोर हवा त्यांच्यासाठी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीचे इंजिनही बसवता येत असे. पुढे एमजी कंपनीच्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारीचे १६०० सीसीचे इंजिन आले आणि १९६३ पासून एमजीबीचे १८०० सीसीचे. छोट्या कारखान्याने स्वतःचे इंजिन किंवा गिअरबॉक्स बनवण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या कंपन्यांचे सिद्ध झालेले भाग घेऊन त्यांच्याभोवती चांगली चासी आणि चांगली बॉडी रचणे, हेच या धंद्याचे मर्म. गिऱ्हाइकालाही ते सोयीचे होते, कारण ब्रेकचे पॅड असोत किंवा कार्ब्युरेटरचे जेट, ते कुठल्याही गावातल्या गॅरेजमध्ये मिळत.

आता किट या शब्दाविषयी. लेख वाचून असे वाटते की गिऱ्हाइकाच्या दारात नळ्या, पत्रे आणि खिळे-बोल्टांचे खोके येऊन पडे. काही कंपन्यांच्या बाबतीत ते खरेही होते. गिल्बर्नच्या बाबतीत नाही. बॉडी चासीवर जोडलेली, रंगवलेली, काचा बसवलेल्या, आतले अस्तर आणि खुर्च्या लावलेल्या, वायरिंग पूर्ण केलेले, अशा अवस्थेत मोटार कारखान्यातून निघे. खरेदीदाराने इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, एक्झॉस्ट आणि चाके एवढेच बसवायचे असे. ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे त्याला ते काही थोड्या सुट्ट्यांत जमण्यासारखे होते. म्हणजे गिल्बर्न घेणारा माणूस हा मोटार बनवणारा छांदिष्ट असेलच असे नाही. बहुतेक वेळा त्याला चांगली, वेगळी स्पोर्ट्स कार हवी असे, आणि थोडे हात काळे करून कर वाचत असेल तर तेवढी त्याची तयारी असे. हा भेद लक्षात घेतला नाही तर पुढचे सगळे चुकीचे कळते.

करसवलत हाच कंपनीचा प्राण असता तर तिचा अंत १९७३ पर्यंत थांबला नसता. तो १९६२ सालीच व्हायला हवा होता. जुलै १९६१ मध्ये मोटारींवरचा खरेदी कर ५५ टक्क्यांवर गेला होता. एप्रिल १९६२ मध्ये तो ४५ झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने तो एकदम २५ टक्क्यांवर आणला. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. एखाद्या मोटारीची करपात्र किंमत ६०० पौंड धरली, तर ५० टक्के दराने तिच्यावर ३०० पौंड कर बसतो आणि २५ टक्के दराने १५० पौंड. म्हणजे स्वतः जोडणी करून वाचणारी रक्कम निम्म्यावर आली, आणि त्या निम्म्या रकमेसाठी गॅरेजमध्ये खपायला पूर्वीइतके लोक तयार राहिले नाहीत. त्यातच १९५९ साली करासह ५०० पौंडांच्या आत मिळणारी मिनी आली होती. १९६० च्या सुमारास जुन्या वाहनांची सक्तीची तपासणी सुरू झाल्याने मोडीत निघालेल्या फोर्ड आणि ऑस्टिनच्या चासीवर नवी बॉडी चढवण्याचा स्वस्त उद्योगही अडचणीत आला. या सगळ्यामुळे १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात कितीतरी किट कंपन्या नाहीशा झाल्या. गिल्बर्न मात्र त्याच काळात वाढत होती. जीटीचे १८०० सीसीचे रूप करकपातीनंतरच बाजारात आले आणि १९६७ पर्यंत चालले. स्वस्तपणावर जगणाऱ्या कंपन्या गेल्या आणि गुणवत्तेवर उभी असलेली राहिली, असा याचा सरळ अर्थ मला दिसतो.

गिल्बर्नच्या खऱ्या अडचणींची सुरुवात माझ्या मते करखात्यातून झाली नाही. ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधून झाली. ऑक्टोबर १९६५ मध्ये तेथील एमजी कंपनीने एमजीबी जीटी ही टपबंद मोटार आणली. गिल्बर्न जीटीत जे इंजिन होते तेच तिच्यात होते. मागे छोट्या जागा तशाच, शिवाय मागे वर उघडणारे सोयीचे दार, देशभर पसरलेले विक्रेते, आणि हजारोंच्या संख्येने होणाऱ्या उत्पादनामुळे आटोक्यात राहिलेली किंमत. तोपर्यंत एमजीबी उघड्या टपाची होती आणि टपबंद, घट्ट बांधणीची १८०० सीसीची मोटार ही गिल्बर्नची स्वतःची जागा होती. ती जागा ज्या कंपनीकडून इंजिने विकत घ्यायची त्याच कंपनीने व्यापली. दुसऱ्याच्या भागांवर मोटार बांधणाऱ्या प्रत्येक छोट्या कारखान्याच्या डोक्यावर हा धोका कायम असतो, आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते.

गिल्बर्नने उत्तर दिले ते वरच्या वर्गात चढून. १९६६ साली जीनी ही नवी मोटार आली, अधिक लांबरुंद आणि चौकोनी घडणीची. तिच्यात फोर्डचे नवे व्ही६ (V आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरांचे) इंजिन होते, अडीच किंवा तीन लिटरचे. त्याच वर्षी फोर्डच्या झेफिर आणि झोडियॅक या मोठ्या मोटारींतून हे इंजिन बाजारात आले होते. तीन लिटरचे इंजिन आणि हलकी फायबरग्लास बॉडी हा मेळ जोरदार होता, आणि मोटार म्हणून जीनी ही जीटीपेक्षा निःसंशय मोठी झेप होती. पण तिच्याबरोबर किंमतही चढली, आणि गिऱ्हाईक बदलले. तीन लिटरची आरामदायी मोटार घेणारा माणूस आपल्या अंगणात इंजिन उचलायला यारी उभारत नाही. त्याला विक्रेता हवा असतो, दुरुस्तीची हमी हवी असते आणि जुन्या मोटारीची बदलीत चांगली किंमत हवी असते. तरीही तोंडपाठ झालेला कर वाचवण्याचा मार्ग कंपनीला पूर्ण सोडवेना, आणि जीनी किट म्हणूनही विकली जात राहिली. एक पाय अंगणात आणि एक पाय शोरूममध्ये, अशी ही स्थिती होती. दोन डगरींवर पाय ठेवून फार काळ उभे राहता येत नाही.

१९६८ साली स्मिथ आणि फ्रीझ यांनी कंपनी विकली. घेणारी कंपनी कार्डिफची ‘एस’ (Ace), नाण्यांवर चालणारी करमणुकीची यंत्रे बनवणारी. स्मिथ लगेच बाहेर पडले आणि फ्रीझ थोडा काळ संचालक म्हणून राहून मग गेले. गिल्बर्नच्या इतिहासातील निर्णायक वळण कोणते, असे मला कोणी विचारले तर मी १९७३ सांगणार नाही, हे वर्ष सांगेन. नवे मालक वाईट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांनी पैसा घातला, नवी मोटार आणली. पण पुढे एस ही कंपनी नृत्यगृहे आणि बिंगोच्या धंद्यातील मेक्का या मोठ्या समूहाकडे गेली. लॅन्ट्विट फार्डरचा मोटार-कारखाना आता अशा मालकांच्या ताळेबंदातील एक किरकोळ नोंद झाला होता, ज्यांचा धंदा मोटारींचा नव्हता. त्यानंतर पुन्हा मालकी बदलली, आणि अखेरच्या वर्षांत आणखी एकदा. पाच-सहा वर्षांत इतक्या हातांतून गेलेल्या कारखान्याकडून दीर्घ पल्ल्याच्या योजनेची अपेक्षा कशी करायची?

तरीही याच काळात गिल्बर्नची सर्वांत देखणी मोटार तयार झाली, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते. १९६९ साली आलेली इन्व्हेडर ही जीनीचीच सुधारित पुढची पायरी. तेच तीन लिटरचे फोर्ड व्ही६ इंजिन, पण रेषा अधिक सौम्य, चासी अधिक ताठ, आतली सजावट लाकडाची. पुढे तिची दुसरी आणि तिसरी आवृत्ती निघाली, आणि तिसऱ्या आवृत्तीत फोर्ड कोर्टिनाचे सस्पेन्शन वापरले गेले. १९७१ मध्ये इन्व्हेडर इस्टेट ही मागे सामानाची जागा असलेली मोटार आली आणि तिचे सुमारे शंभर नग तयार झाले. याखेरीज टी११ नावाचा एक धाडसी प्रयोगही झाला. मधोमध इंजिन असलेली अगदी बुटकी मोटार, आराखडा ट्रेव्हर फिओर यांचा आणि इंजिन ऑस्टिन मॅक्सीचे, १४८५ सीसीचे. ती उत्पादनात गेली नाही आणि पूर्ण बांधलेली एकच राहिली. वर्षाला अगदी मोजक्या मोटारी विकणाऱ्या कारखान्याने एका वेळी कूपे (टपबंद, दोन दारांची मोटार), इस्टेट आणि मध्य-इंजिनाची नवी मोटार अशा तीन दिशांना हात घालणे हे वेडे साहस होते. त्या साहसाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की यात पैसा आणि माणसे दोन्ही विखुरली.

आणि बाजार? ज्या वर्षी इन्व्हेडर आली त्याच वर्षी फोर्डने आपल्या नव्या कॅप्री मोटारीत तेच तीन लिटरचे व्ही६ इंजिन बसवले. एमजीबी जीटीने जे १९६५ मध्ये केले, तेच पुन्हा झाले, आणि या वेळी समोर फोर्ड होती. इस्टेटच्या बाबतीत रिलायंट कंपनीची सिमिटार जीटीई १९६८ पासूनच रस्त्यावर होती. बॉडी तिचीही फायबरग्लासची, इंजिनही तेच फोर्ड व्ही६, आणि राजकन्या ॲन यांनी ती वापरल्यामुळे तिला मिळालेली प्रसिद्धी वेगळीच. रिलायंटकडे तीनचाकी मोटारींच्या खपाचा भक्कम आधार होता. गिल्बर्नकडे असा दुसरा आधार नव्हता.

आता मूल्यवर्धित कराच्या मुद्द्याकडे येतो. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर गेला आणि १० टक्क्यांचा मूल्यवर्धित कर आला. तो सुट्या भागांनाही लागू असल्याने पूर्वीची मोठी सवलत संपली. एवढे खरे. पण १९६८ साली ३६ टक्क्यांच्याही वर गेलेला खरेदी कर १९७२ पर्यंत पुन्हा २५ टक्क्यांवर उतरलेला होता, म्हणजे सवलतीचा मोठा भाग आधीच ओसरला होता. शिवाय इन्व्हेडरची तिसरी आवृत्ती १९७२ मध्ये आली ती कारखान्यात पूर्ण बांधलेली मोटार म्हणून. ज्या कंपनीने किटचा मार्ग स्वतःहून जवळपास सोडलेला होता, ती किटची सवलत गेली म्हणून बुडाली, असे कसे म्हणता येईल?

इतर कंपन्यांचा अनुभवही हेच सांगतो. प्लायवूडच्या चासीमुळे नावाजलेली मार्कोस १९७१ मध्ये, म्हणजे नवा कर येण्याआधीच, बंद पडली. उलट १९७३ मध्ये, नेमक्या त्याच वर्षी, सरे परगण्यातील केटरहॅमच्या ग्रॅहम निअर्न यांनी लोटस कंपनीच्या सेव्हन या स्पोर्ट्स मोटारीचे हक्क घेतले आणि ती मोटार सुट्या भागांच्या रूपात विकत पुढे नेली. ते नाव आजही चालू आहे. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या डटन या कंपनीने स्वस्त किटचा धंदा मूल्यवर्धित कराच्या राज्यातच भरभराटीला आणला, आणि १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये किट कारची जी लाट उसळली तिच्यामागे कोणतीही मोठी करसवलत नव्हती. ब्लॅकपूलच्या टीव्हीआरचे उदाहरण तर गिल्बर्नला अगदी जवळचे. तीही फायबरग्लासची, तिच्याही ३०००एम या मोटारीत तेच फोर्ड व्ही६ इंजिन, आणि तीही पूर्वी किट विकत असे. टीव्हीआर स्वतः १९६५ मध्ये बुडाली होती, पण त्यानंतर लिली पितापुत्रांनी ती घेतली आणि मार्टिन लिली यांनी दीर्घकाळ एकहाती चालवली. अमेरिकेच्या बाजारासाठी तेथील उत्सर्जनाच्या नियमांत बसणारे ट्रायम्फचे इंजिन घातलेली मोटार त्यांनी बनवली आणि निर्यातीवर तग धरला. गिल्बर्नला अशी स्थिर मालकी मिळाली नाही आणि अशी निर्यातही उभी राहिली नाही. सारखेच इंजिन, सारखेच साहित्य, सारखीच करव्यवस्था, आणि तरी एक कंपनी तरली, दुसरी गेली. मग फरक करात कसा शोधायचा?

शेवट लवकर सांगता येतो. पैसा संपत गेला, १९७३ मध्ये कंपनीचा कारभार कोलमडला, आणि तेलाच्या संकटाने मोठ्या इंजिनाच्या मोटारींचा बाजार गारठला तेव्हा आधीच खिळखिळी झालेल्या या कारखान्याला सावरायला कोणी उरले नव्हते. नव्या कराने त्या वर्षीचे ओझे वाढवले, हे मी नाकारत नाही. पण बुडत्याचा पाय खोलात जावा, तसा तो शेवटचा भार होता. सुमारे दीड दशकात सगळ्या आवृत्त्या मिळून गिल्बर्नने हजाराच्या आसपास मोटारी बनवल्या. जाइल्स स्मिथ यांच्या दुकानामागे सुरू झालेल्या कामाला ही संख्या लहान नव्हे.

त्यांतील बऱ्याच मोटारी आजही रस्त्यावर आहेत. फायबरग्लासला गंज लागत नाही, त्यामुळे त्या काळातील पोलादी मोटारी सडून गेल्या तरी यांची बॉडी टिकली. गंजते ती खालची नळ्यांची चासी, आणि बॉडी तिला कायमची जोडलेली असल्याने ती दुरुस्त करणे हे कटकटीचे काम आहे. तरी मालकांची संघटना ते काम चिकाटीने करते आहे. साचे, जुनी कागदपत्रे आणि भागांची माहिती यांचे जतन करते आहे. एमजी आणि फोर्डचे यांत्रिक भाग अजून मिळतात, आणि इतरांच्या भागांवर मोटार बांधण्याचा तो जुना निर्णय, ज्याने कंपनीला दोनदा अडचणीत आणले, तोच या मोटारींना आज जिवंत ठेवतो आहे.

आपल्या लेखकांनी या मालिकेत पुढे मार्कोस, जिनेटा किंवा टीव्हीआर यांच्यावर लिहावे, अशी माझी इच्छा आहे. त्या वेळी प्रत्येक कंपनीची मालकी कधी बदलली, तिचे इंजिन कुणाकडून येत होते, आणि त्याच इंजिनाची मोठ्या कंपनीची मोटार बाजारात कधी आली, या तारखा करांच्या तारखांशेजारी मांडाव्यात. गिल्बर्नविषयीच्या त्या दोन वाक्यांत निदान १९६५ आणि १९६८ ही दोन वर्षे जोडून दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक